पडवळाची काठी

आमच्या दुकानात गळ मिळायचे, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा मिळायचा, शिशाच्या गोळ्या मिळायच्या, चिव्याच्या काठ्या मिळायच्या, पण मासा हा शब्द मिळायचा नाही. सासऱ्यांचा तसा नियमच होता. आम्ही शैव, घरात कांदा-लसूण चालायचा पण पाण्यातलं काही चालायचं नाही. तरीही लक्ष्मीपुरीतल्या बोळातलं ते दोर-सुतळीचं दुकान गावोगावच्या गळवाल्यांना ठाऊक होतं ते काठ्यांमुळंच. सासऱ्यांनी त्यातून वाट काढली होती. वांब, म्हणजे तो सापासारखा लांब मासा, धरायला काही पाहिजे असेल तर गिऱ्हाइकानं पडवळ म्हणायचं. मरळ म्हणजे दोडका, कटला म्हणजे भोपळा, चिलापी म्हणजे घेवडा. गिऱ्हाइकंही तयारीची. मोठ्या आवाजात "अण्णा, दोडक्यासाठी गळ द्या की" असं ओरडायची आणि शेजारचा किराणावाला गालात हसायचा.

हे मला कुणी सांगितलंच नाही. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, मी लग्न होऊन नवी नवी आले होते. माहेर नेसरीकडचं, शेतीचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. नवरा तेव्हा एका फौंड्रीत कामाला होता, सासूबाई आधीच गेलेल्या. त्यामुळं दुपारी मामंजी जेवून आडवे झाले की दुकानात मी.

अशाच एका दुपारी हातकणंगल्याकडचा एक पावणा आला. नुकताच नाद लागलेला असावा, कारण तोही माझ्याइतकाच कच्चा होता. म्हणाला, "वैनी, पडवळासाठी काठी द्या. चांगली लांब."

आता पडवळ म्हटल्यावर मला काय कमी माहिती? माहेरी परसात दर वर्षी मांडव असायचा. मी कोपऱ्यातला जाड, दणकट बांबू काढला आणि पावण्याच्या खांद्यावर दिला. तो जरा दबकला. "एवढा जाड?"

"वजन लई येतंय मागनं," मी म्हटलं. "आणि टोकाला दगड बांधायला विसरू नका."

"कुणाच्या टोकाला?"

"पडवळाच्या. धरलं की लगीच बांधायचा. करंगळीएवढं असतानाच."

"एवढ्या बारक्याला?"

"व्हय. म्हंजे सरळ वाढतंय. न्हाईतर वेटोळं करून बसतंय."

पावण्यानं बांबू खाली टेकवला. "आणि दगड बांधून काय करायचं? सोडून द्यायचं?"

"सोडायचंच की. लोंबू द्यायचं निवांत."

पडवळ सरळ वाढावं म्हणून टोकाला दगड बांधतात, हे कुठल्याही शेतकऱ्याची पोर सांगेल. पण तो बिचारा बांबू खांद्यावर टाकून विचारात पडून गेला. दुसऱ्या दिवशी भर गिऱ्हाइकीत परत आला. बांबू दुकानाच्या दारात आडवा टाकला आणि मामंजींना म्हणाला, "अण्णा, ह्यो मांडवाचा बांबू हाय. ह्यानं पडवळ कसं धरू? आणि वैनी म्हणत्यात, धरल्यावर दगड बांधून परत सोडा. ही कुठली रीत?"

दुकान हसून हसून लोळलं. किराणावाला वजन करायचं थांबवून आला. पुढं कितीतरी महिने कोणी ना कोणी दारातून जाताना विचारायचं, "दगडवाल्या वैनी हाईत का?" मला राग लवकर येतो, तेव्हा तर नाकावरच असायचा. पण हसण्यानं मला एवढं लागलं नाही जेवढं मामंजींच्या बोलण्यानं लागलं. ते रागावले नाहीत. अगदी समजुतीनं म्हणाले, "पोरी, काठी हे बायकांचं काम न्हवं. तू सुतळी, दोर, चाळणी बघ. काठीला गिऱ्हाईक आलं की मला उठवत जा."

त्याच दिवशी मी ठरवलं की या घरात काठी निवडीन तर मीच. कुणाला दाखवायला नव्हे. मला येत नाही असं कुणी समजुतीनं सांगितलेलं मला सहन होत नाही, एवढंच.

काठ्या आजरा-चंदगडकडून यायच्या, चिव्याच्या. बाकीचे बांबू पोकळ, चिवा जवळजवळ भरीव, म्हणून वाकतो पण मोडत नाही. मोळी आली की मामंजी मागच्या पडवीत बसायचे आणि एकेक काठी हातात घ्यायचे. बुंधा तळव्यात धरायचा, मनगटाला एक झटका द्यायचा आणि शेंडा किती वेळा हलून थांबतो ते बघायचं. तीन हेलकाव्यात थांबली की ती डाव्या हाताला, चांगल्यात. चार-पाच वेळा डुलत राहिली तर उजव्या हाताला, ती टोमॅटोवाल्यांना रोपांच्या आधाराला जायची. डाव्या हातच्यांना विस्तवावर धरून, तेल लावून सरळ करायचं आणि शेंड्याकडं धोंडा बांधून आढ्याला उलटं टांगायचं. हे सगळं ते न बोलता करायचे. विचारलं तर म्हणायचे, "हाताला कळतंय." हाताला कळतंय हे उत्तर म्हणजे शिकवायचं नाही असं सांगायची सभ्य पद्धत आहे.

मग मी माझी पद्धत काढली. मोळी दुपारी आली आणि मामंजी झोपलेले असले की मी सगळ्या काठ्या आधी स्वतः झटकून बघायची, मनात दोन वाटण्या करायची आणि चांगल्या वाटलेल्या काठ्यांना बुंध्याकडं नखानं बारीक खूण करून मोळी होती तशी बांधून ठेवायची. संध्याकाळी मामंजींनी वाटण्या केल्या की माझ्या खुणा त्यांच्या ढिगाशी ताडून बघायच्या. पहिल्या खेपेला निम्म्याही जुळल्या नाहीत. दोन वर्षांनी एखाददुसरीच चुकायला लागली. एकदा माझ्या हिशेबात पक्की असलेली काठी त्यांनी उजव्या हाताला टाकली. मला वाटलं, म्हातारा चुकला. मी ती गुपचूप वेगळी टांगून ठेवली. पावसाळ्यानंतर तिच्याखाली फरशीवर पिवळी भुकटी पडलेली दिसली. आतून भुंग्यानं पोखरली होती. तेव्हा कळलं की मामंजी झटका देण्याआधी काठीवर बोटाच्या पेरानं टकटक का करतात. चूक माझी होती, आणि ती मी स्वतःशी कबूल केली. त्यांच्याशी नाही.

पण एक गोष्ट मामंजींनी कधीच केली नव्हती. त्यांनी काठी पाण्यावर कधी बघितली नव्हती. "आपण काठी इकतो. फुडचं ज्याचं त्यानं बघावं," असं ते म्हणायचे. मला हे पटायचंही आणि नाहीही. ज्याच्या हातात काठी जाणार त्याचं त्यातून काय होतं हे न बघता ती निवडायची कशी?

म्हणून दर सोमवारी सकाळी महादेवाला जाते सांगून मी पंचगंगेच्या घाटावर जायची. महादेवालाही जायची, खोटं कशाला बोलू. पण तिथून परतताना घाटाच्या वरच्या पायरीवर अर्धा तास बसायची. खाली सात-आठ जण काठ्या टाकून असायचे. त्यांतल्या निम्म्या आमच्या दुकानातल्या, मला लांबून ओळखू यायच्या. ज्वारीच्या ताटाच्या भेंडाचा पांढरा तुकडा पाण्यावर उभा असायचा आणि सगळ्यांची नजर त्या तुकड्यावर. माझी नजर त्यांच्या मनगटावर. मासा वर आला की मी तोंड फिरवायची. त्याची धडपड मला बघवायची नाही, आजही बघवत नाही. पण त्याआधीचा तो क्षण, काठी वाकते आणि माणूस कोपर पोटाशी घेतो, तो मी शेकडो वेळा बघितला. उंच माणसाला लांब काठी शोभते, बुटक्याला तीच खांदा दुखवते. शिंप्याचा हात हलका, हमालाचा जड, जड हाताला ताठ शेंडा दिला की तो माशाच्या तोंडातून गळ उपसून काढतो. दुकानात बसून हे कोणालाही कळलं नसतं. मामंजींनाही कळलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला जराही संकोच वाटत नाही.

दोन हजार साल उलटल्यावर फायबरच्या काठ्या आल्या, एकात एक बसणाऱ्या, दुर्बिणीसारख्या. मामंजींनी नाक मुरडलं. मी त्या ठेवायला लावल्या. पण प्रत्येक काठी गिऱ्हाइकाला देण्याआधी मी सगळे सांधे उघडून, फिरवून, बंद करून बघायची, आणि ज्याला विजेच्या तारांखालच्या विहिरीवर बसायची सवय होती त्याला वीज ओढून घेणारी कार्बनची काठी त्यानं कितीही मागितली तरी मी दिली नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नवऱ्याला काम लागलं ते याच सुमाराला. तो सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दुकानात आम्ही दोघंच, मामंजी आणि मी. काठीसोबतचं सगळं, म्हणजे गळाचा नंबर, तंगूसाची जाडी, शिशाचं वजन, हे आता मीच द्यायची. चिव्याची काठी मात्र मामंजीच काढून देत. मी त्यांना उठवायची. दहा-बारा वर्षं उठवत होते.

आणि मग चाचांचा तो दिवस आला.

चाचा गादीवाले. कापूस पिंजण्यात आयुष्य गेलेलं, मामंजींपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. तीसेक वर्षं ते मामंजींकडूनच काठी नेत होते, दुसऱ्या कुणाच्या हातची घेत नव्हते. दर दोन-तीन वर्षांनी यायचे, बाकावर बसायचे, चहा व्हायचा, मामंजी आढ्यावरून एक काठी उतरवायचे आणि चाचा न बघता ती खांद्यावर टाकायचे. या खेपेला बऱ्याच काळानं आले होते. मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि बशीवर कप वाजला. फार नाही, अगदी बारीक. चाचांनी लगेच दुसरा हात खाली लावला. मी मान वळवली, जणू मी बघितलंच नाही.

मामंजी तोवर आढ्याकडं बघत होते. त्या वर्षीची सगळ्यात देखणी काठी त्यांनी उतरवली. बारा फुटी, बारीक होत गेलेली, तीन हेलकाव्यात थांबणारी. चाचांसाठीच राखून ठेवलेली असावी.

"पडवळासाठी हिच्यासारखी न्हाय," ते म्हणाले.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "मामंजी, ही नको."

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन दुसरी काठी काढली. नऊ फुटी, आखूड पेरांची, बुंध्याला जाड. झटका दिला तर शेंडा एकदाच हलायचा आणि उभा राहायचा. दिसायला काही नाही. बुंध्याला मी सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळून ठेवली होती. "चाचांना ही द्या."

"ही? म्हशी हाकायला?" मामंजी म्हणाले. "का ते सांग."

आता काय सांगणार? बारा फुटाच्या लवचीक काठीला हाताचा बारीक कंप शेंड्यापर्यंत जाईस्तोवर केवढा होतो हे मी घाटावर बघितलं होतं. पाण्यावरचं भेंड नाचत राहतं, वांब जवळ येत नाही, आणि माणसाला वाटतं आपलं नशीब फिरलं. पण हे चाचांच्या तोंडावर कसं बोलायचं? ज्या माणसानं कप वाजला म्हणून दुसरा हात लपवून खाली लावला, त्याला भर दुकानात तुमचा हात थरथरतो म्हणून सांगू? मी रबरी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं.

"सांग की कारण."

"ही बरी पडंल, एवढंच."

"सुम्किर," मामंजी म्हणाले. फार चिडले की ते कानडीत जायचे, आणि गप्प बस हे त्यांचं कानडीतलं आवडतं होतं. दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते, सून सासऱ्याच्या तोंडाला लागली हे त्यांना दिसत होतं. मामंजींचे कान लाल झाले. त्यांनी दोन्ही काठ्या चाचांच्या पुढ्यात टाकल्या. "दोन्ही न्या चाचा. पंधरा दिवस बघा. नको असंल ती परत आणा. हिची परत आली तर हिनं परत काठीला हात लावायचा न्हाय. एकदाच काय ते हू दे."

चाचा बाकावरून उठले. दोन्ही काठ्या घेऊन गेले.

ते पंधरा दिवस मी कसे काढले मलाच माहीत. मामंजी माझ्याशी दोर आणि सुतळीपुरतंच बोलायचे. मी सोमवारी घाटावर गेले नाही. चाचा दिसले असते तर मला सगळं कळलं असतं, पण चोरून निकाल बघायचा हे मला बरं वाटलं नाही. माझं बरोबर आहे याबद्दल मला शंका नव्हती. भीती वाटत होती ती चाचांच्या चांगुलपणाची. तीस वर्षांच्या दोस्तीपुढं दगडवाली सून म्हणजे कोण लागून गेली?

पंधराव्या दिवशी चाचा आले. खांद्यावर एकच काठी होती. रबराची पट्टी मला बोळाच्या तोंडापासूनच दिसली.

त्यांनी काठी मामंजींसमोर ठेवली. "अण्णा, तुमचीच बेस. ही घ्या परत."

 जिंकल्याचा आनंद मामंजींच्या तोंडावर नव्हता, हे मी कबूल करते. मी काठी उचलायला पुढं झाले आणि हातात घेताच मला कळलं. रबर अंगठ्याच्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं. शेंड्याला गुंडाळलेला दोरा पाण्यानं काळा पडला होता. ही काठी रोज पाण्यावर होती. चाचा खोटं बोलत होते, आणि मामंजींचा मान राखण्यासाठी बोलत होते. एका शब्दात मी ते उघडं पाडू शकले असते. माझ्या जिभेवर आलं होतं. पण मग चाचा खोटे ठरले असते, आणि का खोटं बोललात याचं उत्तर त्यांना त्यांचा हात दाखवून द्यावं लागलं असतं. मी ओठ मिटले आणि काठी आत ठेवायला वळले. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं.

"हिकडं आण," मामंजी म्हणाले.

त्यांनी काठी घेतली. सवयीनं पेरानं टकटक केलं, झटका दिला, बोट शेंड्यापर्यंत नेलं. तिथं थांबले. शेंडा वजनानं एका बाजूला जरासा बसला होता. बराच वेळ ते त्या काळ्या दोऱ्याकडं बघत होते.

"चाचा, माझी काठी कुठं हाय?"

"घरात."

"तिला तंगूस बांधला का?"

चाचा बाकावर बसले. त्या माणसाला खोटं एकदा बोलता यायचं, दुसऱ्यांदा नाही. त्यांनी उजवा हात उचलला आणि मामंजींच्या समोर तसाच धरला. बोटं हलत होती.

"दोन वर्सं झाली, अण्णा. लांब काठीला ह्यो कंप दुप्पट व्हतो. मला वाटलं, माझं दिवस संपलं. ह्या आखूड काठीला चार पडवळं लागली, माझ्या नातवाला खरं वाटंना. तुम्ही ह्यो हात बघितला न्हाई. सूनबाईनं बघितला आणि बोलली न्हाई."

 मामंजींनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मग परत कशाला आणली?"

"तुमचा मान हाय, अण्णा."

"माझ्या मानाला काय झालंय?" मामंजींचा आवाज चढला. "चाळीस वर्सं काठी बघितली, माणसाचा हात बघायचं सुचलं न्हाय. माझ्या दुकानात हात बघून काठी देणारं माणूस बसलंय, ह्यो माझा मान न्हवं? घ्या ती. माझी परत आणून द्या, टोमॅटोवाल्याला जाईल." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि तू. उद्यापास्नं काठीला गिऱ्हाईक आलं की मला उठवायचं न्हाय."

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. माझी मान इतकी ताठ झाली होती की आत जाताना चौकटीला कपाळ आपटलं. अभिमान वाटला का? वाटला, भरपूर वाटला. आणि तो मी मिळवलेला होता, कुणी ओटीत घातलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी जेवून मागं गोणपाटावर आडवे झाले होते. एक अनोळखी माणूस दारात आला, आत डोकावला, म्हणाला, "काठी पायजे होती. अण्णा कुठं हाईत?"

मागं गोणपाट हललं. मामंजी जागे होते, पण उठले नाहीत.

मी म्हटलं, "या की पावणं. आधी हात दावा बघू तुमचा."